पामर्स्टन नॉर्थच्या फराहबाई

आपल्यापैकी ज्यांचं तरुणपण मुंबईत गेलं, त्यांनी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर चिखलात लोळणारे रग्बीचे खेळाडू कुंपणाबाहेरून नक्की पाहिले असतील. ‘ही कसली मारामारी?’ असं म्हणून आपण पुढे चालू लागायचो. या वेळी आम्ही त्याच खेळातल्या एका बाईची गोष्ट सांगणार आहोत.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, वेलिंग्टनपासून सुमारे १४० किलोमीटरवर, पामर्स्टन नॉर्थ हे शहर आहे. दक्षिण बेटावर आधीच एक पामर्स्टन होतं, म्हणून याला ‘नॉर्थ’ जोडलं. देशाचं रग्बी संग्रहालय १९६९ पासून इथेच आहे. इथल्या मॅसी विद्यापीठात डॉ. फराह पामर यांनी अनेक वर्षं शिकवलं. पामर्स्टनात पामर, हा निव्वळ योगायोग हं!

फराहबाई माओरी समाजातल्या. जन्म १९७२ चा, वाढल्या पियोपियो नावाच्या छोट्या गावात. त्यांची जागा ‘हुकर’ची. मुलांनो, हुकर म्हणजे काय ते ऐका. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. पुढच्या रांगेत मधोमध हुकर. दोन्ही हात शेजारच्या गड्यांच्या खांद्यांवर अडकलेले, आणि चेंडू मात्र पायाने मागे ओढायचा. कबड्डीत सगळ्यांनी मिळून चढाईवाल्याला धरावं, तसा हा सांघिक जोराचा खेळ.

१९९४ च्या महिला विश्वचषकाला न्यूझीलंडने संघच पाठवला नव्हता. पुढे फराहबाई कर्णधार झाल्या आणि चित्र पालटलं. १९९८ ला ॲमस्टरडॅम, २००२ ला बार्सिलोना, २००६ ला कॅनडातलं एडमंटन, असे तीन विश्वचषक त्यांच्या संघाने जिंकले. १९९८ च्या अंतिम सामन्यात अमेरिकेला ४४-१२ असं हरवलं, पुढच्या दोन्ही वेळी इंग्लंडला.

आता आमच्या मनाला लागलेली गोष्ट. पुरुषांचं रग्बी १९९५ पासून पगारी झालं. फराहबाईंच्या काळी बायकांना पगार नव्हता. देशासाठी खेळत असतानाच त्यांनी माओरी मुली आणि खेळ या विषयावर डॉक्टरेट केली, नोकरीही सांभाळली. न्यूझीलंडच्या महिला खेळाडूंना पगाराचे करार मिळाले ते २०१८ साली.

खेळ संपला, पण फराहबाई घरी बसल्या नाहीत. न्यूझीलंडची रग्बी संघटना १८९२ ची. तिच्या संचालक मंडळावर पहिली बाई बसली ती डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे तब्बल १२४ वर्षांनी, आणि ती बाई म्हणजे फराह पामर! २०२१ साली त्या मंडळाच्या उपाध्यक्षही झाल्या. देशातल्या महिलांच्या प्रांतिक स्पर्धेला २०१६ पासून ‘फराह पामर कप’ हेच नाव आहे. २०२३ च्या नववर्षाला त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला.

मंडळात बसून काय होतं, असं कुणी विचारील. अहो, मैदान कुणाला द्यायचं, पैसा कुठे घालायचा, संघ पाठवायचा की नाही, हे तिथेच तर ठरतं! १९९४ ला संघ गेला नाही, तेव्हा त्या मंडळात एकही बाई नव्हती. आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ऑकलंडला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा ईडन पार्क मैदानावर ४० हजारांहून जास्त माणसं आली. न्यूझीलंडने इंग्लंडला ३४-३१ असं हरवलं.

आम्हाला आपलीच आठवण झाली. मालिद्याची ताटं बायांनी भरायची आणि हिशेबाची वही पुरुषांनी धरायची, असंच आपल्याकडेही वर्षानुवर्षं चाललं ना? आज्यांनो, तुमच्या वेळच्या गोष्टी नातींना जरूर सांगा. आणि मुलींनो, खेळा तर खाच, पण खेळून झाल्यावर समितीच्या खुर्चीवर बसायलाही लाजू नका.