पोरांचं हृदय, फुटबॉलचं मैदान आणि आपली तयारी

सख्यांनो, १५ सप्टेंबर २०१७ आठवतो का? सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता, म्हणून त्या दिवशी राज्यभर शाळाशाळांतून पोरं फुटबॉल खेळली. आपल्याकडे कबड्डी, खो-खो आहेच, पण चेंडूमागे धावणाऱ्या पोरी-पोरांचीही आता कमी नाही. हे चांगलंच आहे, पोरांना खेळू द्या. पण खेळायच्या आधी काय विचारायचं आणि मैदानात कुणी कोसळलं तर काय करायचं, हे आपल्याला माहीत हवं.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे गावपातळीवर सामने होते. चौदा वर्षांची एक पोरगी धावता धावता पडली. एका बाईने कांदा फोडून नाकाला लावला, दुसरीने चप्पल हुंगवली, मी स्वतः तिच्या तोंडात पाणी ओतायला गेले. दोन मिनिटांनी ती उठून बसली. सकाळपासून उपाशी होती, म्हणून चक्कर आली. तेव्हा आम्ही हसलो. नंतर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर म्हणाल्या, “तिचं हृदय थांबलं असतं तर ती दोन मिनिटं तुम्ही कांद्यातच घालवली असती.” तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूला फेडरेशन कपचा अंतिम सामना होता. गोव्याच्या डेंपो संघाकडून खेळणारा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारताना गोलकीपरला धडकला, पडला आणि परत उठला नाही. पंचवीस वर्षांचा गडी. १२ जून २०२१ ला कोपनहेगनला डेन्मार्कचा एरिक्सन असाच सामन्यात कोसळला. त्याच्या छातीवर लगेच दाब द्यायला सुरुवात झाली, हृदयाला झटका देणारं यंत्र मैदानातच होतं. तो वाचला आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळला. एक गोष्ट ध्यानात घ्या. हा एरिक्सन इटलीतल्या क्लबचा खेळाडू होता आणि तिथे खेळाडूंची हृदयतपासणी १९८२ पासून सक्तीची आहे. म्हणजे तपासणीत सगळंच सापडतं असं नाही. तपासणी हवी आणि तयारीही हवी.

धडधाकट पोराचं हृदय अचानक का थांबतं? कुणाच्या हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असतो, कुणाच्या ठोक्यांची वीज बिघडलेली असते. कधी तापानंतर हृदयाला सूज येते. आपल्याकडे आणखी एक कारण बघायला मिळतं. घसा दुखून ताप येतो, मग सांधे सुजतात आणि पुढे हृदयाची झडप खराब होते. म्हणून शाळकरी पोराचा घसा वारंवार दुखत असेल, सांधे धरत असतील तर अंगारा लावून थांबू नका, डॉक्टरला दाखवा.

आता घरी बसून विचारायचे प्रश्न. याला पैसा लागत नाही. धावताना पोरगं कधी बेशुद्ध पडलंय का? खेळताना छातीत दुखतं का, धडधडतं का? बरोबरीच्या पोरांपेक्षा लवकर दम लागतो का? घराण्यात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का? हा शेवटचा प्रश्न सासर आणि माहेर दोन्हीकडे विचारा. आपण “बाहेरचं झालं” म्हणून सोडून दिलेली मरणंही त्यात मोजा. एकाचंही उत्तर “हो” आलं तर ईसीजी काढून डॉक्टरांनी सांगेपर्यंत पोराला सामन्यात उतरवू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात, हृदयाची शस्त्रक्रियासुद्धा. अडचण ही की पथक येतं तेव्हा पोरगं आश्रमशाळेत असतं आणि आई ऊसतोडीला गुजरातमध्ये. घराण्याची माहिती सांगणार कोण? म्हणून जूनमध्ये पोराला सोडायला जाल तेव्हाच वरची उत्तरं कागदावर लिहून अधीक्षकांकडे द्या. लिहिता येत नसेल तर गटाच्या सीआरपी ताईकडून लिहून घ्या.

सिकलसेलचंही त्याच कागदावर लिहा. वाहक पोरं खेळू शकतात. फक्त त्यांना वरचेवर पाणी, सावली, विसावा हवा. भर उन्हात शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याने आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि कुणी कोसळलंच तर? हलवा, मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही, श्वास नीट नाही, तर हृदय थांबलंय असंच धरा. असं पोरगं कधी झटके देतं, कधी आचके देतं. आपल्याला ती मिरगी वाटते आणि तिथेच वेळ जातो. एकीने १०८ ला फोन करायचा. दुसरीने पोराला कडक जमिनीवर उताणं ठेवून छातीच्या मधोमध तळहात ठेवायचा, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. मोठ्या पोराला दोन इंच दाबायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दाबल्यावर छाती परत वर येऊ द्या. दमलात की दुसरीने घ्यायचं, थांबायचं नाही. बरगडी मोडेल ही भीती सोडा, बरगडी जुळते.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांत गाडी मिनिटांत येणार नाही, हे मला कुणी सांगायला नको. नर्मदाकाठी तर आधी होडी, मग रस्ता. म्हणूनच सामन्याच्या दिवशी मैदानाशेजारी एक जीप आणि तिचा ड्रायव्हर सकाळपासून ठरवून ठेवा, कुठे फोन लागतो ते बघून ठेवा. झोळीत घालून नेताना छाती दाबता येत नाही, म्हणून गाडी येईपर्यंत जागेवरच दाबत राहायचं. झटका देणाऱ्या यंत्राची किंमत लाखाच्या आसपास जाते. एका गावाला जड आहे, पण पेसाच्या पाच टक्के निधीतून आरोग्यावर खर्च करता येतो. दोन-तीन गावांनी मिळून ग्रामसभेत विषय मांडून बघा.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना छाती दाबण्याचं प्रात्यक्षिक दाखवायला बोलवा. येताना घट्ट भरलेली एक जुनी उशी आणा, प्रत्येकीने दोन मिनिटं दाबून बघायचं आहे.