सुगरणीच्या खोप्यातली मनोली

परवा धुळ्याजवळ विहिरीवरच्या बाभळीत सुगरणीच्या जुन्या खोप्यातून एक इवलासा मातकट पक्षी बाहेर आला. पांढऱ्या कंठाची मनोली!

लांबी जेमतेम ११ सेंटिमीटर. शेपटी काळी, टोकदार. चोच जाड, कारण गवताचं बी सोलायचं असतं. नर-मादी सारखेच दिसतात.

आपलं कोरडं माळरान, काटेरी झुडपं, पडीक बांध तिला मानवतात. ती स्वतः गवताचं गोल घरटं बांधते, पण सुगरणीचे रिकामे खोपेही वापरते. रात्री त्यात कितीतरी मनोल्या दाटीवाटीने झोपतात. मला सगळ्यात भावते ती हीच सवय!

म्हणून कळकळीची विनंती, शोभेसाठी जुने खोपे तोडू नका. मनोली पकडणं-विकणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

जळगाव-धुळ्यात तुम्हाला थवा कुठे दिसतो? ओळख पटत नसेल तर बिनधास्त विचारा.