बटव्यातलं औषधही औषधच

खोकल्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या सिरपच्या बाटलीवर बऱ्याचदा 'ब्रोमहेक्झिन' किंवा 'अ‍ॅम्ब्रॉक्सॉल' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. घट्ट कफ पातळ करणारी ही दोन्ही औषधं अडुळशाच्या घराण्यातली आहेत. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या रचनेवरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन बनवलं, आणि ब्रोमहेक्झिन पोटात गेल्यावर शरीर त्याचं जे रूपांतर करतं ते अ‍ॅम्ब्रॉक्सॉल. शेताच्या बांधावर कुंपणाला लावतात, शेळी सहसा तोंड लावत नाही, तोच हा अडुळसा.

म्हणून 'विज्ञानाला घरगुती औषधं मान्य नाहीत' हा समज आधी बाजूला ठेवू. दुखऱ्या दाढेखाली लवंग धरायला आजी सांगते, आणि दाताचे डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरतात त्यातही लवंगेच्या तेलातलं युजेनॉलच असतं. इसबगोल आणि सोनामुखी आजही बद्धकोष्ठावर लिहून दिली जातात. जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचं पेटंट अमेरिकेने १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना देऊन टाकलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून मांडले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. हे ज्ञान आपलं आहे आणि त्यात तथ्य आहे, हे वेगळं सिद्ध करायची गरज उरलेली नाही.

मात्र ज्याचा गुण येतो त्याचा अवगुणही येऊ शकतो, हे त्याच्याच जोडीने स्वीकारावं लागतं. अडुळसा कफ सोडवतो, तसाच गर्भाशयाचं आकुंचनही वाढवू शकतो. म्हणून गरोदर बाईने त्याचा काढा घेऊ नये. मात्रा किती, कोणाला, किती दिवस, हे प्रश्न गोळीला विचारतो तेच पाल्यालाही विचारले पाहिजेत. बहुतेक गैरसमज हे प्रश्न न विचारल्यामुळेच टिकून आहेत.

गैरसमज : झाडपाल्याने अपाय होत नाही

धोतरा, बिट्टी आणि गुंज ही झाडंच आहेत, आणि त्यांच्या बिया जीव घेतात. ते विष आहे हे गावातलं पोरही जाणतं, त्यामुळे त्यांचा धोका त्या मानाने कमी. फसगत होते ती निरुपद्रवी वाटणाऱ्या वस्तूंबाबत.

ज्येष्ठमध घ्या. घसा धरला की एक कांडी चघळायला काहीच हरकत नाही. पण करोनाच्या काळात घरोघरी रोज काढा उकळू लागला आणि त्यात मूठभर ज्येष्ठमध पडू लागलं. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम कमी करतं. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या आजोबांनी हा काढा आठवडेच्या आठवडे घेतला, तर गोळी चालू असूनही दाब चढतो आणि कोणाला कारण सापडत नाही.

गुळवेलीचं प्रकरण याहून गंभीर आहे. रोज गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ही खरी गुळवेल नसावी, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. आक्षेप अवाजवी नव्हता, कारण अशी दुसरी वेल खरोखरच आहे. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. वेल खरी की तोतया हा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी घरात बसून ती ओळखणारा माणूस आपल्याकडे आहे का, हा प्रश्न राहतोच. ज्यांना थायरॉइडचा किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा दुसरा एखादा आजार आहे, यकृताचं दुखणं आहे, त्यांनी 'प्रतिकारशक्ती वाढवायला' म्हणून गुळवेल रोज घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हळदीचंही तेच. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के, आणि तेही शरीरात नीट शोषलं जात नाही. म्हणजे दुधात घातलेली अर्धा चमचा हळद घशाला शेक देते, आणि बाधत तर मुळीच नाही. पण हेच कर्क्युमिन एकवटून, शोषण वाढावं म्हणून मिऱ्याचा अर्क घालून कॅप्सूलमध्ये भरलं की ती वस्तू स्वयंपाकघरातली राहत नाही. अशा कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत झाल्या आहेत. कोरफडीचा गर वेगळा आणि सालीलगतचा पिवळा चीक वेगळा. चीक पोटात गेला तर जोराचे जुलाब होतात.

गैरसमज : बाळगुटी आणि मधाचं बोट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, बाळाला काय होणार

सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळलेल्या पाण्यात हळकुंड, हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, खारीक, बदाम उगाळायचे, आणि प्रत्येकाचे किती वेढे घ्यायचे ते बाळाच्या वयावरून ठरवायचं. जायफळाचा अर्धा वेढा, वेखंडाचा एक, असा हिशेब अनुभवी बाई चुकू देत नसे. वेढे मोजणं म्हणजे मात्रा मोजणंच होतं. मला या प्रथेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते, आणि नेमकी तीच आता सुटली आहे. तयार पूड चमच्याने दिली जाते, बाटलीतली गुटी अंदाजाने पाजली जाते.

जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं, नाडी जलद होते. वेखंडात बीटा-अ‍ॅसारोन हे द्रव्य असतं आणि आपल्याकडच्या जातीत ते जास्त असतं. त्याने प्राण्यांमध्ये गाठी झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांतून हद्दपार केलं. वेढाभर वेखंडाने बाळ दगावतं असं कोणी म्हणत नाही. पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग वेखंडासाठी हा नियम मोडण्यासारखं काही उरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं सगळंच धरून ठेवायचं नसतं. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका बाळ झोपून राहावं म्हणून अफू घातलेली बाळागोळी देत. तीही तेव्हा घराघरातली रीतच होती. ती सुटली ते बरंच झालं.

मधाबद्दल मात्र जराही ढिलाई नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि तिथे विष तयार करतात. बाळाला शौचाला होत नाही, रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, मान टाकतं. आजार विरळा आहे, पण श्वासाचे स्नायू थांबवू शकतो. मध शुद्ध असो, घरच्या पोळ्याचा असो, गरम केलेला असो, बीजाणू टिकतात. बारशाला सोन्याने मध चाटवायची हौस असेल तर सोनं फक्त ओठांना टेकवावं आणि मध मोठ्यांनी खावा.

वर्षाच्या पुढे मात्र मधासारखं दुसरं खोकल्याचं औषध घरात नाही. झोपताना अर्धा ते एक लहान चमचा मध दिल्याने मुलांचा रात्रीचा खोकला कमी होतो, हे चाचण्यांत तपासलं गेलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या भेसळयुक्त सिरपमुळे मूत्रपिंड निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली आणि त्यांतली कित्येक दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाचच्या आत शक्यतो नकोत. साध्या खोकल्याला इथे आजीचा उपाय सिरपपेक्षा सरस आहे.

गैरसमज : कापूर आणि वाफ नाक मोकळं करतात, म्हणून जास्त चांगली

कापूर, मेन्थॉल, ओव्याची पुरचुंडी यांनी नाकातल्या गारव्याच्या संवेदना जाग्या होतात आणि नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. आतली सूज आहे तेवढीच असते. मोठ्यांना त्या वाटण्यानेही आराम पडतो. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ किंवा छातीवर कापूर लावू नये, आणि कापूर किंवा कापराचं तेल मुलाच्या हाती लागू देऊ नये. थोडासा कापूर पोटात गेला तरी आकडी येऊ शकते. वाफेने विषाणू मरत नाही, आणि उकळत्या पाण्याचं पातेलं लहान मुलाच्या मांडीवर लवंडायला क्षण पुरतो.

गैरसमज : काविळीवर गावठी औषधच लागू पडतं

हा समज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही रुग्णाला घेऊन पहाटे पाला आणायला जातात. त्यामागे पाहिलेला अनुभव असतो, त्यामुळे नुसतं 'खोटं आहे' म्हणून भागत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पसरणारी कावीळ बहुतेक वेळा दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस 'ए' आणि 'ई' विषाणूंची असते. विश्रांती, पुरेसं पाणी आणि नेहमीचं जेवण मिळालं की बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. मधल्या काळात पाला घेतला, पथ्य केलं, माळ घातली, ज्याने जे केलं त्याला श्रेय मिळतं. हातावरून कावीळ उतरवणाऱ्याचं पिवळं पाणी हे तर साधं रसायन आहे: आंब्याच्या सालीचं पाणी हाताला चोळायचं आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावायचे, पाणी कोणाचंही पिवळं होतं, कावीळ असो वा नसो.

उरलेल्या थोड्यांचं काय, हा खरा प्रश्न आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस 'ई' झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. पित्ताशयाच्या खड्याची कावीळ, गाठीची कावीळ, औषधाने झालेली कावीळ, या सगळ्यांत डोळे पिवळेच दिसतात. कोणती कावीळ आहे हे रक्ततपासणीशिवाय कळत नाही, आणि आधीच सुजलेल्या यकृतावर अनोळखी पाल्याचा भार टाकणं म्हणजे जुगार आहे. नाकात थेंब टाकणं आणि अंगाला डाग देणं हे तर औषधच नव्हे, ती इजा आहे.

डेंग्यूत पपईच्या पानांचा रस देतात त्याचीही गोष्ट जवळपास अशीच. काही छोट्या चाचण्यांत प्लेटलेट जरा लवकर वाढलेल्या दिसल्या. पण त्या आजार ओसरताना तशाही वाढतात, आणि डेंग्यूत जीव जातो तो मुख्यतः रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपल्याने. ताप उतरला म्हणून घरचे निश्चिंत होतात, त्याच दोन दिवसांत पोटात दुखणं, सतत उलट्या, सुस्ती दिसली तर रस बाजूला ठेवून रुग्णालय गाठायचं.

गैरसमज : जुलाब होत असताना पाणी प्यायलं की जुलाब वाढतात

सर्वाधिक जीव वाचवणारा घरगुती उपाय कोणता, असं विचारलं तर उत्तर साखर-मीठ-पाणी हेच आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. आतड्यात साखर शोषली जाते तेव्हा मीठ आणि पाणी तिच्याबरोबर आत ओढलं जातं, हे यामागचं तत्त्व. जुलाब चालू असतानाही हा मार्ग उघडाच राहतो.

प्रमाण पाठ असू द्या: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ. मीठ वाढवू नका. जास्त मीठ बाळाला घातक ठरतं. मीठ घातलेली भाताची पेजही चालते, आणि आईचं दूध थांबवायचं नाही. ओआरएसचं पाकीट मिळालं तर ते अधिक चांगलं, पण त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं पाहा. 'ओआरएस' नावाने विकली जाणारी गोड पेयं वेगळी होती. तसं नाव छापायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा यंत्रणेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. भाजल्यावर लगेच हळद, शाई, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. भाजलेला भाग वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. दुखऱ्या कानात लसणाचं गरम तेल टाकू नका, पडदा फाटलेला असेल तर ते आत जातं.

आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा, त्यांनी विचारलं नाही तरी, घरी काय घेता ते सांगा: कोणता काढा, कोणती पूड, किती दिवसांपासून. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर लसूण, आलं, हळदीच्या कॅप्सूलही त्यात धरा. ते ऐकून रागावणारे डॉक्टर भेटले तरीसुद्धा सांगाच.