तरबाबादची गुरुवारची संध्याकाळ

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या लिंडहर्स्ट या गावी एक किल्ला आहे. तो बांधला गेला विसाव्या शतकात आणि खुला झाला १९९० साली. आत गोलाकार मैदान, भोवती चढत्या पायऱ्यांवर बाके आणि समोर लांबच लांब टेबले. दाराशीच प्रत्येकाच्या डोक्यावर रंगीत कागदी मुकुट चढतो. ज्या रंगाचा मुकुट, त्या रंगाचा सरदार आपला. असे सहा सरदार घोड्यांवरून मैदानात उतरतात, भाले रोखून एकमेकांवर धावून जातात आणि प्रेक्षक आपापल्या सरदाराच्या नावाने ओरडत जेवतात. ‘मेडिव्हल टाइम्स’ या कंपनीचा हा कार्यक्रम. स्पेनच्या मायोर्का बेटावर सुरू झालेली ही कल्पना १९८३ मध्ये फ्लोरिडात आली आणि तिथून अमेरिकाभर पसरली.

त्याच राज्यातल्या एडिसन आणि आसपासच्या गावांत आता मोठी मराठी वस्ती आहे. भारतातून आईवडील आले की त्यांना दाखवायच्या ठिकाणांत हा किल्लाही असतो. तिथे काटाचमचा मिळत नाही, कारण मध्ययुगात तो नव्हता असे कार्यक्रमाचे सांगणे. भाजलेली अर्धी कोंबडी हाताने तोडून खाताना तिथली मुले हरखून जातात. मराठवाड्यातून गेलेल्या आजीला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. तिने पहिल्यांदाच त्या देशात सगळ्यांना आपल्यासारखे जेवताना पाहिलेले असते.

ताटात काय असते ते मात्र निरखून पाहावे. टोमॅटोचे सूप, बटाटा आणि मक्याचे कणीस. कार्यक्रमाची कथा अकराव्या शतकातल्या स्पेनची आहे. टोमॅटो, बटाटा आणि मका हे तिन्ही मूळ अमेरिका खंडातले. कोलंबस तिथे पोचला १४९२ साली. म्हणजे अकराव्या शतकातल्या कुठल्याही स्पॅनिश सरदाराने यातले काहीही कधी पाहिलेले नव्हते. ताटातला एकेक पदार्थ असा उचलून तपासला की इतिहास पुस्तकापेक्षा लवकर समजतो. आणि हीच तपासणी आपल्याकडे करायची तर त्यासाठी छत्रपती संभाजीनगरइतके चांगले शहर महाराष्ट्रात दुसरे नाही.

या शहराची ओळख असलेला पदार्थ म्हणजे नानखलिया. तंदुरातून निघालेला, तळहाताहून कितीतरी मोठा, मऊ, वरून पिवळसर झळाळी असलेला नान आणि सोबत मटणाचा तर्रीदार खलिया. लग्नकार्यात तो देगेच्या हिशेबाने शिजतो. दस्तरखान अंथरला जातो आणि माणसे समोरासमोर मांडी घालून बसतात. जुन्या शहरात, शहागंज आणि सिटी चौकाच्या परिसरात, तो रोजचाही आहे. त्याच्या जन्माची गोष्ट शहरात कुणीही सांगेल. १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली, तिचे नाव दौलताबाद ठेवले आणि हजार किलोमीटरहून अधिक चालून आलेल्या फौजेला एकदम जेवू घालायचे म्हणून जमिनीत मोठमोठ्या भट्ट्या खोदून हजारो नान भाजले गेले. गोष्ट तोंडोतोंडी चालत आलेली आहे आणि तिच्यातला व्यवहार पटण्यासारखा आहे. एकेक पोळी लाटून तव्यावर शेकत बसले तर पलटण उपाशी राहील. तंदुराच्या भिंतीला एकाच वेळी कितीतरी नान चिकटतात.

पण तर्रीचा तो लाल रंग तुघलकाच्या वेळचा असू शकत नाही. मिरचीही अमेरिकेचीच. ती भारतात आली सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर. तुघलकाच्या शिपायाला तिखट म्हणून ठाऊक होती ती काळी मिरी, सुंठ आणि आले. दौलताबादच्या पायथ्याशी पावसाळा सरता सरता ज्यांच्या पाट्या मांडलेल्या दिसतात ती सीताफळेदेखील वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते अमेरिकेतूनच आली. यामुळे नानखलियाची किंवा सीताफळाची चव तसूभरही कमी होत नाही. उलट एका घासात चौदाव्या शतकातली भट्टी आणि सोळाव्या शतकातला समुद्रप्रवास एकत्र आल्याचे कळते, आणि हे कळण्यात मोठा आनंद आहे.

मग खरे मध्ययुगीन जेवण कसे होते? त्याचे तपशीलवार वर्णन उपलब्ध आहे, आणि ते लिहिणारा माणूस स्वतः दौलताबादला येऊन गेलेला आहे. मोरोक्कोतल्या तांजियर शहरचा इब्न बतूता तुघलकाच्या पदरी काही वर्षे दिल्लीत काझी होता. पुढे सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला तेव्हा वाटेत दौलताबादला थांबला. १३५५ मध्ये त्याचे प्रवासवर्णन लिहून पूर्ण झाले. मुलतानहून दिल्लीला येताना वाटेत मिळालेल्या शाही भोजनाची एकेक पायरी त्याने नोंदवली आहे.

आधी पातळ पोळ्या. मग भाजलेले मटण. एका मेंढीचे चार किंवा सहा मोठे तुकडे आणि प्रत्येकापुढे एक तुकडा. मग तुपातल्या गोल भाकऱ्या, पोटात हलवा भरलेल्या. त्यानंतर चिनी मातीच्या थाळ्यांत तूप, कांदा आणि ओले आले घालून शिजवलेले मांस. मग बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाला घातलेला खिमा पातळ पारीत गुंडाळून तुपात तळलेला. त्याला त्याने ‘सम्बूसक’ म्हटले आहे, म्हणजे आजचा समोसा. मग तुपातला भात आणि त्यावर कोंबडी. तूप-कांदा-आल्यातले ते मांस म्हणजे मिरची यायच्या आधीचा खलियाच म्हणावा इतके जवळचे आहे. शहरातल्या एखाद्या भटारखान्याने हौसेने ते करून पाहावे. त्यात लागणारी प्रत्येक गोष्ट शहागंजच्या बाजारात मिळेल.

या जेवणालाही नाट्य होते. जेवणाच्या आधी सगळे उभे राहत; हाजिब, म्हणजे दरबारी व्यवस्थापक, सुलतान जिथे असेल त्या दिशेला झुकून मुजरा करी आणि बाकीचे त्याच्यामागोमाग. मग बसायचे. सोन्याचांदीच्या आणि काचेच्या पेल्यांतून साखरेचे सरबत येई. हाजिबाने ‘बिस्मिल्ला’ म्हटले की जेवण सुरू. जेवण झाले की जवाचे पेय आणि त्यानंतर विडा: नागवेलीची पंधरा पाने, लाल रेशमी धाग्याने बांधलेली, आणि सुपारी. पुन्हा हाजिबाचा ‘बिस्मिल्ला’, की सगळे उठत. आज संभाजीनगरात रात्रीच्या जेवणानंतर माणसे मुद्दाम वाट वाकडी करून उस्मानपुऱ्यातल्या प्रसिद्ध तारा पान सेंटरला जातात, तेव्हा सात शतकांपूर्वीच्या त्या पंगतीचा शेवटचा अंक जसाच्या तसा चालू असतो.

आता गाणे. इथे इब्न बतूताने दौलताबादविषयीच जे लिहिले आहे ते या शहराने प्रत्येक प्रवाशाला सांगायला हवे. दौलताबादेत गायक-गायिकांचा एक स्वतंत्र बाजार होता. त्याचे नाव तरबाबाद, म्हणजे आनंदाचे गाव. त्याने पाहिलेल्या सुंदर आणि मोठ्या बाजारांपैकी तो एक. दुकाने ओळीने, प्रत्येक दुकानातून मागच्या घरात जाणारे दार. दुकानात गालिचे अंथरलेले आणि मधोमध एक मोठा पाळणा. दागिने ल्यालेली गायिका त्यात बसलेली किंवा रेललेली आणि दासी झोके देत असलेल्या. बाजाराच्या मध्यावर एक घुमटाकार मंडप, गालिच्यांनी सजवलेला. दर गुरुवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर, कलावंतांचा मुखिया लवाजम्यासह तिथे येऊन बसे. गायिकांचे ताफे एकामागून एक येत आणि सूर्यास्तापर्यंत त्याच्यापुढे गाणे आणि नाच चाले. बाजारात मशिदी होत्या आणि रमजानमध्ये तिथे तरावीहची नमाजही होई. हिंदू राजे त्या वाटेने जाताना मंडपात उतरून गाणे ऐकत आणि मुसलमान सुलतानही तसेच करत, असेही त्याने लिहून ठेवले आहे.

ही भूमी गाण्याची होतीच. तुघलक येण्याच्या शंभरेक वर्षे आधी यादव राजा सिंघण याच्या पदरी शारंगदेव होता आणि त्याने ‘संगीतरत्नाकर’ इथे बसून लिहिला. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे, दोन्हीकडचे संगीतकार आजही ज्याला आधार मानतात असा हा ग्रंथ. गोपाल नायक हा थोर गायक देवगिरीहून दिल्लीला गेल्याची आणि अमीर खुसरोशी त्याची जुगलबंदी झाल्याची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. उलट दिशेने, दिल्लीहून इकडे आले ते सूफी. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दौलताबादला आले आणि १३३७ मध्ये इथेच निवर्तले. समा, म्हणजे भक्तिगीते ऐकण्याची मैफल, ही त्यांच्या लेखी साधना होती. किल्ल्यापुढच्या डोंगरावर खुलताबादेत त्यांचा दर्गा आहे. तिथल्या उरुसात आजही कव्वाल बसतात.

ज्यांना मांसाहार चालत नाही त्यांनी यादवकाळाकडे वळावे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ लिहिला. देवगिरीचे यादव आधी याच चालुक्यांचे मांडलिक होते. ‘मानसोल्लासा’तल्या अन्नाच्या प्रकरणात ‘मंडक’ आहे. तोच आपला मांडा. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर भाजले ते मांडे, ही कथा मराठी घरात लहानपणीच ऐकायला मिळते. आणि ज्ञानेश्वरांचे आपेगाव याच जिल्ह्यात, पैठणजवळ. खानदेशात अजूनही बायका उलट्या खापरावर रुमालासारखा पातळ मांडा टाकतात. पीठ दोन्ही हातांवर फिरवत, वाढवत, न फाटू देता खापरावर सोडायचे. भालेकऱ्यांची झुंज पाहताना जेवढा श्वास रोखला जातो तेवढाच हे पाहतानाही रोखला जातो.

मग संभाजीनगरात असा कार्यक्रम कुणी करत का नाही? मराठी माणसाला भव्य देखाव्याची आवड नाही म्हणावे तर तसे नाही. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’ने मोठ्या मैदानात शेकडो कलाकार, घोडे आणि हत्ती आणून लोकांना भारावून टाकले. जेवण मात्र त्यात नव्हते. आपल्याकडे जेवणाचे नाट्य पंगतीत असते: ताटाभोवतीची रांगोळी, श्लोक, आग्रह, उखाणे. गाणे मैफलीत, लढाई रंगमंचावर आणि जेवण पंगतीत, अशी वाटणी झालेली. ती मोडायची तर जागा हवी, आणि पहिला विचार किल्ल्याचाच येतो. पण दौलताबादचा किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि १९५९ च्या नियमांनुसार अशा वास्तूत परवानगीच्या जागा सोडून अन्न शिजवता किंवा खाता येत नाही. हा नियम योग्यच आहे. अंधेरी या भुयारी वाटेच्या भिंतींना चुलींचा धूर लागायला नको आणि कातळात खोदलेल्या खंदकात पत्रावळी पडायला नकोत.

आयर्लंडमध्ये बनरॅटी या पंधराव्या शतकातल्या किल्ल्यात १९६३ पासून मध्ययुगीन मेजवान्या होतात. तिथे किल्ला खरा आहे आणि गाणारे, वाढणारे कलाकार त्याच भागातले. संभाजीनगरला किल्ल्यात शिरायची गरजही नाही. शहरात बुंदेला सरदार पहाडसिंगाने सतराव्या शतकात बांधलेला सोनेरी महाल आहे आणि त्याच्यापुढच्या प्रांगणात २०२३ साली वेरूळ-अजिंठा महोत्सव झाला. नर्तक आणि गायक तिथे येतातच. त्या महोत्सवाच्या एका संध्याकाळी, महालाबाहेरच्या मोकळ्या जागेत, इब्न बतूताच्या क्रमाने पंगत मांडता येईल: एका बाजूला तूप-आल्यातले मांस, दुसऱ्या बाजूला खापरावरचे मांडे, मध्ये ‘संगीतरत्नाकरा’च्या परंपरेतले गायन आणि कव्वाली. पाहुण्याच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवण्याऐवजी खांद्यावर हिमरूची शाल घालावी. सूत आणि रेशमाचे हे विणकामही तुघलकाबरोबर आलेल्या विणकरांचे मानले जाते आणि ते हाताने करणारे आता फार थोडे उरले आहेत. एका मोसमाच्या शालींची मागणीसुद्धा त्यांच्या मागांना पुरेसे काम देईल.

तोवर प्रवाशाने ही संध्याकाळ स्वतःच जुळवावी, आणि दिवस शक्यतो गुरुवारच निवडावा. सकाळी खुलताबाद. दुपार उतरल्यावर दौलताबाद. चाँद मिनारपाशी थोडे थांबून अंधेरीतून वर जावे. संध्याकाळी पहारेकऱ्यांच्या शिट्ट्या वाजू लागतात आणि माणसे पायऱ्या उतरू लागतात. तरबाबादच्या मंडपातले गाणे थांबायचे तीच ही वेळ. खाली सीताफळवाल्या पाट्या आवरत असतात. तिथून शहर पंधरा-सोळा किलोमीटर. जुन्या भागात पोचेपर्यंत दिवे लागलेले असतात आणि नानबाई लांब सळईने तंदुराच्या भिंतीवरून गरम नान उचकटून काढत असतो.