मधाच्या बरणीवर देशाचं नाव

युरोपातल्या दुकानात मधाची बरणी उचलून उलटी केली, की बारीक अक्षरांत एक ओळ वर्षानुवर्षं हमखास सापडायची: ‘युरोपीय संघातल्या आणि संघाबाहेरच्या मधांचं मिश्रण’. ती दोनदा वाचली की लक्षात येतं, की यातून एवढंच कळतं की मध पृथ्वीवरचा आहे. तरी ही ओळ कायद्याला धरून होती. २००१ च्या मधविषयक निर्देशानेच तशी मुभा दिली होती. ती काढून तिच्या जागी देशांची नावं आणि टक्केवारी आणायला प्रस्तावापासून मंजुरीपर्यंत वर्षाहून थोडा जास्त काळ लागला. त्यातला बराचसा काळ युरोपीय संसदेच्या एका समितीत आणि तिच्या प्रतिनिधींनी केलेल्या वाटाघाटींत गेला.

न्याहारीचे चार कायदे

२१ एप्रिल २०२३ रोजी युरोपीय आयोगाने चार जुन्या निर्देशांत एकदम बदल सुचवले. मध, फळांचा रस, जॅम आणि दूध पावडरसारखं आटवलेलं दूध हे त्यांचे विषय. चारही गोष्टी सकाळच्या टेबलावरच्या, म्हणून ब्रसेल्समध्ये यांना ‘न्याहारी निर्देश’ म्हणतात. निर्देश म्हणजे असा कायदा, की जो प्रत्येक सदस्यदेशाला आपापल्या कायद्यात उतरवून घ्यावा लागतो.

समितीत नेमकं काय होतं

कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा हक्क आयोगाचा. संसद आणि सदस्यदेशांच्या मंत्र्यांची परिषद या दोघांनी एकाच मसुद्याला होकार दिल्याशिवाय त्याचा कायदा होत नाही. संसदेत हा प्रस्ताव पर्यावरण, सार्वजनिक आरोग्य आणि अन्नसुरक्षा समितीकडे गेला. अशा वेळी समिती आपल्यातल्या एका सदस्याला ‘रॅपोर्टर’ नेमते. अहवालाचा मसुदा तो लिहितो, दुरुस्त्या सुचवतो आणि पुढे वाटाघाटींना संसदेच्या बाजूने बसतो. बाकीचे राजकीय गट त्याच्यावर नजर ठेवायला आपापला माणूस देतात. त्याला ‘छाया रॅपोर्टर’ म्हणतात. न्याहारी निर्देशांचे रॅपोर्टर होते ऑस्ट्रियाचे अलेक्झांडर बर्नहूबर. त्यांचा देश महत्त्वाचा आहे, तो का ते जॅमपाशी आल्यावर कळेल.

मग दुरुस्त्यांचा पाऊस पडतो. अन्नाच्या लेबलावर प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असतं. मधपाळांच्या संघटना, मध भरणारे कारखाने, ग्राहक संघटना, आयातदार असे सगळे समिती सदस्यांची दारं ठोठावतात. २००८ साली प्रस्ताव आलेल्या आणि २०११ मध्ये मंजूर झालेल्या मोठ्या लेबल-नियमावर तर शेकड्यांनी दुरुस्त्या आल्या होत्या. पाकिटावरचं अक्षर किमान किती मिलिमीटरचं हवं, यावरही तेव्हा रण माजलं होतं. शेवटी रोमन लिपीतल्या छोट्या ‘एक्स’ची उंची १.२ मिलिमीटर ठरली. हा आकडा वाचून हसू येतं खरं, पण चष्मा घरी विसरलेल्या माणसाने तो वाचून बघावा.

समितीची ताकद मराठी वाचकाला नवी नाही. २००३ मध्ये थंड पेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचा अहवाल दिल्लीच्या एका संस्थेने दिला, तेव्हा आपल्या संसदेने शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने त्या निष्कर्षांना दुजोरा दिला. फरक इतकाच, की ती समिती झालेल्या गोष्टीची चौकशी करत होती. ब्रसेल्सची समिती कायदा लिहिला जात असतानाच त्याच्या वाक्यात हात घालते.

मध: नावं आली, मग टक्के आले

प्रस्ताव येण्याच्या महिनाभर आधी, मार्च २०२३ मध्ये, आयोगाने एका तपासणीचे निकाल जाहीर केले होते. नोव्हेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात बाहेरून आलेल्या मधाचे ३२० नमुने घेतले होते. त्यांतले १४७, म्हणजे ४६ टक्के, भेसळीचे असावेत असा संशय निघाला. संख्येने सर्वांत जास्त संशयित नमुने चीनचे होते. ब्रिटनमधून आलेले मात्र दहाच्या दहा संशयित निघाले. दुसरीकडून आणलेला मध तिथे मिसळून पुढे पाठवला जात असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. कारणही लपलेलं नव्हतं. आयात मध किलोला दोन युरोंच्या थोडा वर पडत होता, आणि तांदळापासून केलेला साखरेचा पाक ४० ते ६० सेंटला मिळत होता. जिभेला फरक कळत नाही, साध्या चाचणीलाही कळत नाही. आपल्याकडे २०२० च्या डिसेंबरात नामांकित मधांविषयी असाच गदारोळ झाला होता, तेव्हाही मुद्दा नेमका हाच होता: नेहमीच्या चाचण्यांना चकवेल असा पाक.

आयोगाच्या मूळ प्रस्तावात मध ज्या देशांतून आला त्या सर्व देशांची नावं लेबलावर द्या, एवढंच होतं. ऐकायला पुरेसं वाटतं. पण समजा बरणीत नव्वद टक्के मध एका स्वस्त देशाचा आणि चमचाभर स्पेनचा आहे. नुसती नावं द्यायची तर ‘स्पेन’ आधी लिहायला कोणाची हरकत? नावांच्या क्रमाला अर्थ नसेल तर यादी जुन्या ओळीइतकीच निरुपयोगी. म्हणून संसदेने आग्रह धरला, की देश वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहा, बरणीच्या पुढच्या बाजूला लिहा. अखेर ठरलेल्या मसुद्यात प्रत्येक देशापुढे त्याचा टक्काही आला.

कारखानदारांचं म्हणणंही पोकळ नव्हतं. मधाचं मिश्रण खेपेनुसार बदलतं. दर खेपेला नवं लेबल छापायचं का? त्यातून तडजोडी निघाल्या. प्रत्येक देशाच्या टक्केवारीत ५ टक्क्यांची सूट मिळाली. चारपेक्षा जास्त देशांचा मध असेल आणि पहिल्या चारांचा वाटा मिळून निम्म्याहून जास्त असेल, तर फक्त त्या चारांचे टक्के देण्याची मुभा सदस्यदेश देऊ शकतात. बाकीच्यांची नावं मात्र क्रमाने हवीतच. ३० ग्रॅमपेक्षा लहान बरणीवर, म्हणजे हॉटेलात मिळते त्या बोटभर बरणीवर, देशांची दोन अक्षरी संक्षिप्त नावं चालतील.

यात एक बारीक कलम आहे आणि मला सगळ्यांत मोलाचं तेच वाटतं. ५ टक्क्यांची सूट मोजायची ती मध कुठून आला याच्या कारखान्याने ठेवलेल्या नोंदींवरून. म्हणजे टक्का छापायचा तर आधी वही नीट ठेवावी लागेल, आणि निरीक्षक आला की ती दाखवावी लागेल. ग्राहक दुकानात उभा राहून टक्के वाचेलच असं नाही. पण ते छापले की खोटं बोलणाऱ्याला दोन ठिकाणी खोटं बोलावं लागतं, लेबलावर आणि वहीत. पाक घातला आहे की नाही, हे लेबल सांगत नाही. त्यासाठी चाचण्यांच्या सुधारित पद्धती आणि मधाचा माग मधपाळापर्यंत लावण्याची व्यवस्था यांचा अभ्यास आयोगावर सोपवला आहे, आणि तज्ज्ञांचा एक ‘मधमंच’ही नेमायचा आहे.

जॅम, आणि एका शब्दाचं भांडण

जॅममध्ये मूळ मुद्दा फळांचा. आधी एक किलो जॅमला किमान ३५० ग्रॅम फळ लागायचं, आता ४५० लागेल. ‘एक्स्ट्रा जॅम’ला ४५० ऐवजी ५००. काही फळांना वेगळे, कमी आकडे आहेत. आपल्याकडच्या मानकात जॅमला ४५ टक्के फळ लागतं, पण स्ट्रॉबेरी आणि रासबेरीला २५ टक्के पुरतं. महाबळेश्वरहून बरणी आणणाऱ्यांनी लेबलावर फळाचा आकडा शोधून पाहायला हरकत नाही.

खरी रंगत मात्र ‘मार्मालेड’ या शब्दात आहे. १९७९ पासून युरोपीय कायद्यात हा शब्द फक्त संत्री-लिंबांसारख्या आंबट फळांच्या पदार्थासाठी राखून ठेवला होता. हा ब्रिटिशांचा आग्रह. व्हिएन्नातल्या आजीला हे कोण सांगणार? तिच्या बोलीत जर्दाळूचा जॅमही मार्मेलाडंच. ऑस्ट्रियात यावरून इतका संताप झाला, की २००४ मध्ये ऑस्ट्रिया आणि जर्मनीला शेतकऱ्यांच्या आणि आठवडी बाजारांत तो शब्द वापरायची सूट द्यावी लागली. म्हणजे एकच बरणी बाजारात मार्मेलाडं आणि सुपरमार्केटात जॅम! आता ब्रिटन संघात नाही, आणि रॅपोर्टर ऑस्ट्रियाचे. नव्या निर्देशानुसार सदस्यदेश जॅमलाही ‘मार्मालेड’ म्हणू देऊ शकतात, आणि आंबट फळांच्या पदार्थाला ‘सिट्रस मार्मालेड’ असं स्पष्ट नाव आहे.

रस

फळांच्या रसात आधीपासूनच वरून साखर घालता येत नाही, पण ‘साखर घातलेली नाही’ असं छापायचीही सोय नव्हती. आता ‘फळांच्या रसात फक्त नैसर्गिक साखर असते’ असं लिहिता येईल. शिवाय किमान ३० टक्के साखर काढलेला ‘कमी साखरेचा रस’ हा नवा वर्ग आला. रसातली आणि जॅममधली फळं कुठली, हेही पुढच्या बाजूला हवं असं संसदेचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही. आयोगाने त्याच्या शक्यतेचा अभ्यास करायचा आहे.

जिथे फक्त ‘नाही’ म्हणता येतं

प्रत्येक नियम असा लिहिला जात नाही. बरेच तांत्रिक तपशील आयोग स्वतः ठरवतो. संसदेला त्यात शब्द बदलता येत नाही, ठरलेल्या मुदतीत संपूर्ण मसुदा फेटाळता येतो, इतकंच. अशा वेळी समितीच हरकतीचा ठराव तयार करते.

जुलै २०१६ मध्ये तसं झालं. कॅफीनमुळे सावधपणा आणि एकाग्रता वाढते, असं पेयांवर छापू द्यावं असा आयोगाचा मसुदा होता, आणि युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यामागचं विज्ञान मान्य केलं होतं. समितीने वेगळा प्रश्न विचारला. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात २७ ग्रॅमपर्यंत साखर असू शकते. त्यावर हे वाक्य छापलं तर ते वाचून डबा कोण उचलणार? शाळकरी मुलं. संसदेने मसुदा फेटाळला. विधान खरं असलं तरी ते कोणत्या डब्यावर बसतं हेही पाहावं लागतं, ही समितीची भूमिका मला तरी पटते.

लेबलाच्या बाबतीत दारूला मात्र अजून सवलत आहे. १.२ टक्क्यांहून जास्त मद्यार्क असलेल्या पेयांना २०११ च्या नियमाने घटक आणि पोषणमूल्यं देण्यातून वगळलं. त्यातली वाइन ८ डिसेंबर २०२३ पासून बाहेर काढली गेली. तिचे घटक क्यूआर कोडमागे ठेवायची परवानगी आहे. बिअर आणि व्हिस्की अजून जुन्याच सवलतीत आहेत.

बेलफास्टमधली दुसरी समिती

ब्रिटन बाहेर पडला तरी उत्तर आयर्लंडला वस्तूंविषयीचे बरेच युरोपीय नियम लागू राहिले. ज्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी ब्रसेल्समध्ये नाहीत, त्यांना तिथला कायदा लागू का, ही तक्रार रास्तच होती. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातल्या २०२३ च्या विंडसर आराखड्याने त्यावर उपाय म्हणून तिथल्या विधानसभेत छाननी समिती आणली. बदललेला युरोपीय नियम आला की त्याचा तिथल्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम होईल, हे ती तपासते. ९० पैकी ३० आमदार, किमान दोन पक्षांचे, एकत्र आले तर ‘स्टॉरमॉन्ट ब्रेक’ लावायची, म्हणजे तो नियम तिथे लागू होणं रोखायची, मागणी लंडनकडे करता येते. डिसेंबर २०२४ मध्ये ती पहिल्यांदा झाली तीही लेबलांवरूनच, फक्त अन्नाच्या नव्हे, रसायनांच्या. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश मंत्री हिलरी बेन यांनी अटी पूर्ण होत नाहीत म्हणून ती नाकारली. ब्रसेल्सच्या समितीला शब्द बदलता येतो, बेलफास्टच्या आमदारांना तयार शब्द फक्त अडवायची खटपट करता येते.

बरण्या कधी बदलणार

न्याहारी निर्देशांवर समितीने आणि मंत्रिपरिषदेने ३० जानेवारी २०२४ रोजी तडजोड केली. १० एप्रिलला संसदेत ६०३ मतं बाजूने पडली, विरोधात फक्त ९. त्यानंतर परिषदेचीही मोहोर उमटली. सदस्यदेशांना कायदे बदलायला १४ डिसेंबर २०२५ ची मुदत, आणि दुकानांसाठी तारीख १४ जून २०२६. त्या दिवसाआधी लेबल लागलेला माल संपेपर्यंत विकता येतो. त्यामुळे काही काळ एकाच फळीवर दोन प्रकारच्या बरण्या असतील: एकीवर देश आणि टक्के, शेजारच्या बरणीवर तीच जुनी ओळ.