सात इंचांची कॉस्ट कटिंग

आमच्या ऑफिसात 'कॉस्ट कटिंग' हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो. पण परवा म्युझियममध्ये मला तिची पणजी भेटली. चक्क एक बंदूक! नाव, 'इंडिया पॅटर्न'.

आता 'इंडिया' म्हटलं की कॉलर ताठ होतेच ना? थांबा. बंदूक इंग्लंडची, ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजांसाठी करवून घेतलेली.

अठराव्या शतकात ब्रिटिश शिपायाकडे 'ब्राउन बेस' असायची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटणार, ठिणगी पडणार, दारू पेटणार. सुरुवातीला तिची नळी 46 इंची होती, मग 42 झाली. कंपनी पडली पक्की व्यापारी! तिने नळी 39 वर आणली, पितळी नखरेही कमी केले. बंदूक स्वस्त झाली आणि झटपट बनू लागली.

1793 मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटलं आणि ब्रिटिश लष्कराला बंदुका पुरेनात. मग काय, 1797 पासून हेच 'स्वस्तातलं' मॉडेल लष्करानेही स्वीकारलं. 1815 च्या वॉटर्लूतही तेच होतं.

माझं आजोळ जालन्याकडचं. तिथल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांची फौज कंपनीकडून हरली, हजारो माणसं पडली. आजोबा तोफांच्या गोष्टी रंगवून सांगायचे, या आखूड बंदुकीबद्दल मात्र कधीच बोलले नाहीत.

त्या काचेसमोर मी बराच वेळ उभा होतो. आता मीटिंगमध्ये कुणी 'बचत' म्हणालं की मनात येतं, बॉस, फायदा कुणाचा आणि नेम कुणावर?