राखणदाराची झोप काय सांगते?

शेतावरचा कुत्रा रात्री राखण करतो आणि दिवसा झोपतो. त्यामुळे त्याचे आजारपण झोपेआड सहज दडून राहते. निरोगी प्रौढ कुत्रा दिवसरात्र मिळून साधारणतः १२ ते १४ तास झोपतो. थंडीत अंगाचे वेटोळे करून तो ऊब राखतो, तर उन्हाळ्यात गार जमिनीला पोट टेकवून पसरतो. कुशीवर पाय सैल सोडून झोपणे हे स्वस्थतेचे लक्षण होय.

याउलट, उठताना अडखळणे सांधेदुखी सुचवते. पुढचे पाय टेकवून मागचा भाग वारंवार उंच ठेवणे हे पोटदुखीचे लक्षण असू शकते. आडवे न होता मान ताणून, कोपरे फाकवून बसणे श्वसनाचा त्रास दर्शवते. अंगावर गोचीड, सुस्ती आणि फिकट हिरड्या एकत्र आढळल्यास गोचीडतापाची शंका घ्यावी.

कुत्रा शांत झोपला असता छातीची वर-खाली हालचाल मिनिटभर मोजावी. ती वारंवार ३० पेक्षा अधिक भरल्यास पशुवैद्यकास दाखवावे.

मात्र वागणे अचानक बदलून अंधाऱ्या जागी दडणाऱ्या कुत्र्यास हात लावू नये. तो रेबीजग्रस्त असू शकतो. चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्वरित रुग्णालय गाठावे. कुत्र्याचे नियमित रेबीज लसीकरण चुकवू नये.